रविवारचा तेली

माझ्या बापाने अमेरिकेतल्या एका माणसाला पंचांसमोर बोलावलं होतं. हे सांगितलं की माझी नातवंडं पोट धरून हसतात. हसू देत. पूर्वी मीही हसायचे. पण त्या बोलावण्याचा कागद माझ्या हातचा होता, आणि त्याची शिक्षा त्या अमेरिकनाला नाही, माझ्या बापाला आणि मला झाली. म्हणून सांगायचं तर मी सगळं सांगते, नुसतं हसण्यापुरतं नाही.

आम्ही दहिवलीचे तेली. कर्जत स्टेशनाकडून नदी ओलांडून आलं की पुढच्या आळीत आमचं घर आणि घराला लागून घाण्याची पडवी. आई मी सहा वर्षांची असतानाच गेली. घरात बा, मी आणि बैल. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधून बा त्याला फिरवायचा, घाण्याचं फिरतं लाकूड, लाट, दिवसभर करकरायची आणि उन्हाळाभर करंजाचं तेल निघायचं. बिया आणायच्या माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरणी. टोपलीभर बिया घालायच्या आणि बुधलीभर तेल न्यायचं. गावातले सगळे दिवे, मारुतीचा नंदादीप धरून, आमच्या घाण्यावर जळायचे. बाला त्याचा कोण अभिमान! दिवेलागणीला तो ओट्यावर बसून गाव न्याहाळायचा आणि कुणाचा दिवा फडफडला की दुसऱ्या दिवशी त्याला वाटेत गाठून विचारायचा, वात जाड झाली होती का म्हणून.

आता घाण्याचा कायदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका तेल्याच्या गावात दुसऱ्या तेल्याने विचारल्याशिवाय तेल आणायचं नाही. आणायचंच असेल तर सुपारी घेऊन यायचं, ओट्यावर बसायचं, घरचं पाणी प्यायचं आणि विचारायचं. सहसा कुणी नाही म्हणत नसे. पण विचारायचं. आमच्याकडे तेली ओळखायचा तो त्याच्या सुट्टीच्या वारावरून. आम्ही सोमवारचे. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पेण-पनवेलकडे शनिवारचे तेली, ते कोकणातले यहुदी, इस्रायली लोक. त्यांचा देव वेगळा, सण वेगळे, रोटीबेटी नाही, पण घाण्याचा कायदा तोच. त्यांच्यातला एकजण एकदा आमच्या शेजारच्या गावात तेल घालणार होता, तर भर उन्हात चालत सुपारी घेऊन बापाकडे आला होता. ती गोष्ट बा आल्यागेल्याला ऐकवायचा. "देव येगळा असला म्हनून काय झालं? मानूस कायद्याचा."

घासलेट आलं ते असं कुणाला विचारून आलं नाही. आधी ते स्टेशनातल्या कंदिलांत होतं, मग माथेरानच्या बंगल्यांसाठी डबेच्या डबे नेरळहून वर जायला लागले. तोवर आम्हाला काही वाटलं नाही. साहेबाचं तेल साहेबाला. मग एक दिवस बाजारात पत्र्याच्या चिमण्या आल्या. करंजाच्या दिव्याहून उजेड चौपट, धूर नाकात जाणारा, आणि दर असा की ऐकून बाने दुकानदाराला वेड्यात काढलं. त्या दरात बी सुद्धा येत नव्हती. त्या पावसाळ्यात गावातल्या निम्म्या घरांत चिमणी लागली. बा ओट्यावर बसायचा, पण गावाकडे पाठ करून.

मी चौथीत होते. गावात मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. बाने मला घातलं ते घरी कुणी सांभाळायला नव्हतं म्हणून. पण माझं अक्षर चांगलं निघालं. आमचे मास्तर संध्याकाळी मारुतीच्या पारावर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एकदा त्यात, हे घासलेट जिथून येतं त्या अमेरिकेतल्या तेलाच्या राजाची हकिगत आली. मास्तरांनी ती रंगवून सांगितली. म्हणे हा माणूस गरिबाच्या पोटी जन्मला, कारकुनी करता करता तेलाच्या धंद्यात शिरला. दुसऱ्याच्या गावात जाऊन तेल इतकं स्वस्त लावायचा की तिथल्या तेल्याचं दुकान बसायचं. मग ते दुकान विकत घ्यायचा आणि पुढच्या गावाला लागायचा. त्याच्यावर खटले झाले, लोक त्याला चोर म्हणाले, तरी त्याची श्रीमंती वाढतच गेली. देवभक्त पण तसाच. दर रविवारी काम बंद, देवळात जाणार म्हणजे जाणार. रस्त्यात पोरं दिसली की हातावर नवं नाणं ठेवतो. आणि एवढं सगळं असून पोट बिघडलेलं, दुधाशिवाय काही पचत नाही.

बा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "जातीनं कोन म्हनायचा?"

मास्तर थट्टेखोर. म्हणाले, "तेल विकतो म्हणजे तेलीच की!"

सगळा पार हसला. बा हसला नाही. घरी येताना माझा हात धरून चालत होता, मध्येच थांबला आणि म्हणाला, "रविवारचा तेली हाय, पोरी. आपन सोमवारचे, पेनवाले शनवारचे, तसा ह्यो रविवारचा." त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. इतके दिवस घासलेट म्हणजे त्याला पटकी-देवीच्या साथीसारखं वाटत होतं, कुठून आलं कळेना, कुणाला बोलावं कळेना. आता त्यामागे एक माणूस सापडला होता, आणि तो माणूस कायद्यातला होता. त्याने सुपारी आणली नव्हती, एवढीच काय ती चूक. मला तेव्हा हे सगळं अगदी बरोबर वाटलं. आजही त्यात नेमकं कुठे चुकलं ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

बाने पंच बसवले. पंच पाच, सगळे कर्जत-खालापुरातले घाणेवाले. मुख्य पंच चौक गावचा म्हातारा. त्याला बहिरेपणामुळे सगळं दोनदा सांगावं लागायचं. दुसरा खोपोलीचा. त्याचं नाव मी घेत नाही, कारण पुढे तो माझा सासरा झाला. त्यांनी बाचं म्हणणं ऐकून घेतलं. कुणीही हसलं नाही. प्रत्येकाच्या गावात चिमण्या लागल्या होत्या.

"बोलवनं धाडा," म्हातारा म्हणाला. "एकाचं आयकून निवाडा व्हत नाय."

बोलावणं मी लिहिलं. दहिवलीच्या तेल्याची तक्रार आहे, तुम्ही सुपारी न देता तेल घातलंत, तरी येत्या महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारी हजर राहून आपलं म्हणणं मांडावं. जहाजाने यायचं म्हणून मुदत घसघशीत दिली. खाली पाच अंगठे उठले. सोबत सुपारी जायलाच हवी, बोलावण्याची रीत ती. पाकिटात ती मावेना, तेव्हा बाने खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि कागद नि सुपारी तिच्यात घातली. पत्ता मास्तरांनी इंग्रजीत लिहून दिला. बिचारे घाबरले होते. थट्टा अंगाशी आली हे त्यांना कळलं होतं, पण बाचं तोंड बघून त्यांना खरं सांगवेना. कर्जतच्या पोस्टात त्या पिशवीवर किती तिकिटं लावायची यावरून बराच वेळ खल चालला होता, एवढं आठवतं.

पुढचे महिने बा खुशीत होता. आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, दावा लावलेला माणूस खुशीत कसा? तर आरोपी असला तरी तो पाहुणा होता. कर्जतला उतरल्यावर राहणार कुठे? आमच्याकडेच. बाने पडवीच्या भिंती सारवून घेतल्या. नवी चटई आणली. दुधाशिवाय पचत नाही म्हणून गवळ्याला सांगून ठेवलं. "म्हातारा मानूस," तो म्हणायचा, "एवढ्या लांबून यायचा. आधी जेवू घालू, मंग भांडू." पुढे आपण काय बोलणार तेही तो बैलामागे फिरताना घोकायचा. तो काही फार मागणार नव्हता. माथेरान तुझं, स्टेशन तुझं, पण दहिवलीचे दिवे माझे ठेव. एवढंच.

महाशिवरात्र झाली. त्या सोमवारी पंच सकाळीच आले आणि मारुतीपुढच्या अंगणात बसले. समोर एक रिकामी घोंगडी अंथरली. बा मला घेऊन स्टेशनावर गेला. मुंबईची गाडी कर्जतला बराच वेळ थांबायची, घाट चढायला मागून इंजिन जोडावं लागायचं म्हणून. बाने धुवट धोतर, नवी टोपी घातली होती. पहिल्या वर्गाच्या डब्यापाशी जाऊन तो खिडकीखिडकीतून बघायला लागला. एका डब्यात एक म्हातारा गोरा साहेब होता. बाने हात जोडले. साहेबाने पडदा ओढला. एका पोर्टराने येऊन बाला खांद्याला धरून मागे सारलं आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. "पाव्हना यायचाय," बा म्हणाला. गाडी सुटली. आम्ही पुढच्या गाडीलाही थांबलो. त्या वेळी मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रडू आलं. बाला वाटलं, ऊन लागलं. त्याने उपरणं माझ्या डोक्यावर धरलं.

आम्ही परतलो तेव्हा पंच तसेच बसले होते. रीतीप्रमाणे तीनदा पुकारा झाला. "अमेरिकेचा तेली हाजीर हाय का?" घोंगडीवर कुणा पोराने टाकलेली बोराची आठळी होती, तेवढीच.

म्हाताऱ्याने निवाडा सांगितला आणि मी लिहीत गेले. बोलावून आला नाही सबब दोषी. त्याला वाळीत टाकला आहे. त्याचं तेल जो घाणेवाला विकेल तोही त्याच्यासोबत वाळीत. त्या घरचं आणि त्या घरच्या माणसाच्या हातचं पाणी निवाडा मानणाऱ्याने पिऊ नये. इथवर आल्यावर म्हातारा थांबला. किती दिवस? पंचांना सुचेना. कुणी म्हणालं बारा महिने, कुणी म्हणालं तीन वर्षं.

"तो सोता येऊन माफी मागंपर्यंत," मी म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं. पण अक्षर चांगलं असलं की माणसाला वाटतं अक्कलही आहे. पंच खूश झाले. खोपोलीवाला म्हणाला, "पोरगी वकील हुईल." बाने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या नजरेसाठी आणखी दहा कागद लिहिले असते. ते वाक्य मी ठळक अक्षरात लिहिलं. पाच अंगठे उठले, सहावा बाचा. पुढच्याच वर्षी त्या खोपोलीवाल्याने मला सून म्हणून मागितली, तेही त्या कागदावरच भुलून.

सासरी घाणा होता, म्हणून बा निर्धास्त होता. दोन वर्षं तिथे बरं चाललं. खोपोलीला घाटावरून नळांतून पाणी सोडून वीज करतात, ती तारांवरून आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची, आणि आम्ही खाली अंधारात. त्या अंधारात पण आता करंज कुणाला नको होता. बीसुद्धा येईना. आमच्याकडे बिया आणणारी एक ठाकरीण होती, ती एक दिवस टोपलीऐवजी शिशी घेऊन बाजारात दिसली. मी तिला गाठलं. ती म्हणाली, "बाय गं, बी येचाया सारा दिस जातो. तिकडं बंगल्यावर पाटी उचलली का शिशीभर घासलेट मिळतंय. मी काय करू, तूच सांग." सासरा वारला आणि वर्षाच्या आत माझ्या नवऱ्याने घाण्याची लाट काढून पडवीत दुकान मांडलं. मीठ, विडी, काड्यापेटी आणि घासलेट.

मी त्याच्याशी भांडले. माझ्या हातचा निवाडा आहे, तुझ्या बापाचा अंगठा आहे त्यावर, असं त्याला म्हणाले. तो वाईट माणूस नव्हता. डोकं धरून बसला आणि म्हणाला, "अगं, विजेच्या कारखान्याची मान्सं घासलेटच मागत्यात. त्यांना मी करंज पाजू का? आन् पोटाला काय पेंड घालू, सांग." मला दिवस गेले होते.

निवाडा कुणी पाळला नाही. पाचांतल्या तिघांच्या घरी वर्षा-दोन वर्षांत घासलेट विकायला लागले. चौकचा म्हातारा मेला, त्याचा मुलगा मोटारींच्या तेलापर्यंत गेला. पंच पुन्हा बसलेच नाहीत, बसणार कुणासाठी? पाळला एकट्या माझ्या बाने.

मला बाळंतपणाला तो घेऊन गेला. न्यायला खोपोलीला आला तो दुकानाची पायरी चढला नाही, रस्त्यात उभा राहिला. नवऱ्याने तांब्या पुढे केला. बाने हात जोडले, म्हणाला, "जावईबापू, रागावू नका. माजाच निवाडा हाय." दहिवलीला मला वाटलं, घर त्याचं, विहीर गावची, इथे काही अडणार नाही. पहिल्याच दुपारी तो घाम पुसत पडवीतून आत आला आणि मी पाणी दिलं. तो तांब्याकडे बघत राहिला. मग उठला, स्वतः घागर कलती केली आणि ओंजळीने प्याला. मी देऊ केलेला तांब्या त्याने तुळशीला ओतला, वाया जाऊ नये म्हणून. दोन महिने मी तिथे होते. माझं बाळंतपण त्याने बायकांपेक्षा निगुतीने केलं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू. तिळाचं तेल स्वतः गाळून माझ्या लेकीला तो चोळायला द्यायचा. फक्त मी रांधलेलं खायचा नाही आणि मी भरलेलं प्यायचा नाही.

एकदा मी ओरडले. "बा, त्या अमेरिकावाल्याला ठाऊकसुदा नाय! त्याला तू ठाऊक नाय, मी ठाऊक नाय, दह्यवली ठाऊक नाय!"

तो बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "मला ठाऊक हाय ना पन."

मी त्याचा राग राग केला. खरं सांगते, काही वर्षं मी त्याला हट्टी, वेडा, दगड, काय काय म्हणाले. त्याचं त्याला किती लागत होतं ते मला उशिरा समजलं. वर्षातून दोनदा तो चालत यायचा, आमच्या दारापासून जरा लांब बसायचा, पोरं त्याच्या अंगावर खेळायची. जाताना स्टेशनाच्या नळावर पाणी प्यायचा. मी दारातून बघायची. म्हातारपणी त्याला वाकायला व्हायचं नाही, नळ खाली होता.

घाणा तोवर बंद पडला होता. बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा बाने घेतला नाही. मारुतीच्या नंदादीपापुरतं तेल तो हाताने बी कुटून काढायचा. मारुतीला घासलेट चालत नाही, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने उरली होती.

मग एका उन्हाळ्यात पुडीच्या कागदावर नवऱ्याने बातमी वाचली. अमेरिकेतला तेलाचा राजा वारला. नव्वदीच्या पुढे गेला होता, झोपेतच गेला. त्याने दवाखाने काढले, शाळा काढल्या, रोगांवर औषधं शोधायला पैसा ओतला, जगभरच्या गरिबांचं कल्याण केलं, असं छापलं होतं. खाली असंही होतं की काही लोक अजून त्याला लुटारूच म्हणतात. माझं त्या कशाकडेच लक्ष नव्हतं. आरोपी मेला, आता निवाडा कसला! मी कागदाची घडी कमरेला खोचली आणि तशीच गाडी धरून दहिवलीला आले. इतकी खुशीत मी माहेरी कधी आले नव्हते.

बा ओट्यावर बसला होता. मी वाचून दाखवलं. दवाखाने, शाळा, सगळं. तो म्हणाला, "चांगलं केलं त्यानं. लई चांगलं केलं." मग त्याने विचारलं, "त्याच्या घरचं कोन आलं व्हतं का सांगाया?"

"कोन येनार, बा? पेपरात आलंय."

तो उठला, काठी घेतली आणि नदीची वाट धरली. मी मागोमाग. उन्हाळ्याचं पाणी गुडघाभर, त्यात तो बसला आणि डोक्यावरून तीन ओंजळी घेतल्या. तेली मेला की तेल्याने आंघोळ करायची, वाळीत असला तरी. थरथरत तो वर आला. मी त्याला पुसलं, घरी आणलं आणि घागरीतून तांब्या भरून समोर धरला.

"आता पी."

त्याने तांब्याला हात लावला. मला वाटलं, झालं. हात काढून घेऊन तो म्हणाला, "माफी राह्यली ना गं. पंच बसू देत. पंच म्हनले मंग घेतो."

"कुठं हायत पंच? मेले सगळे!"

"मंग निवाडा उठवनार कोन?" त्याने मलाच विचारलं. तो हट्टाने विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि लिहिणारी मी होते. त्याला वाटलं, मला काही वाट ठाऊक असेल. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं की ते वाक्य पंचांचं नव्हतं, बारा वर्षांच्या पोरीचं होतं, खोडून टाक. ते त्याला माहीत होतंच. तरी मी म्हणायला हवं होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि रडत बसले.

पावसाळ्यात तो पडला. निरोप आला तेव्हा रुळांवर दरड आली होती, मी चालत पोचले. दुपार होती. शेजारच्या बायका बसल्या होत्या. बाचे डोळे मिटलेले, श्वास घशात. एकजण म्हणाली, "आलीस बाय? तुझ्यासाठीच अडकलाय. पानी घाल तोंडात." लेकीनेच घालायचं असतं.

शुद्धीत असता तर त्याने तोंड मिटून घेतलं असतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी तुळशीच्या पानाने पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. ते ओठाच्या कडेने गळ्यावर उतरलं. थोडं आत गेलं असेल. बायका म्हणाल्या, आत गेलं, आणि बा सुटला. मी अजून विचारते स्वतःला, ते आत गेलेलं मला हवंय की नकोय.